वाहत्या नदीसाठी नांगर

आम्ही ड्रिफ्ट बोट, म्हणजे नदीच्या प्रवाहाबरोबर जाणारी वल्ह्यांची होडी, घेतली ती वापरलेली, 16 फुटी, ॲल्युमिनियमची. तिच्याबरोबर वल्ही आली, ट्रेलर आला, मागच्या फळीवर नांगर टांगायचा दांडा आणि त्याच्या कप्प्याही जागच्या जागी होत्या. नांगर आणि दोर मात्र विकणाऱ्याने स्वतःकडे ठेवून घेतले. हाताला बसलेला नांगर आहे, नव्या होडीलाही तोच लावणार, असं त्याने सांगितलं. अख्खी होडी विकणारा माणूस एवढं एक वजन सोडायला तयार नाही, हे मला लक्षात ठेवण्यासारखं वाटलं. त्यानंतरचा बराच काळ मी त्या एका वजनाच्याच मागे होते.

आम्ही अमेरिकेत ऑरेगन राज्यात राहतो, पोर्टलंडच्या पश्चिमेला. चिपच्या कारखान्यांमुळे इकडे मराठी घरं पुष्कळ. त्यातले डोंगर चढणारे खूप, बर्फात जाणारेही खूप, पण नदीत होडी घालणारं आमच्या ओळखीत कुणी नव्हतं. नांगराविषयी मराठीत बोलायचं तर बाबांशीच. त्यांचं सगळं तरुणपण देवगडच्या खाडीत गेलं, आणि होडी हा विषय निघाला की फोन लवकर संपत नाही.

आधी होडीबद्दल सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. ड्रिफ्ट बोट ही ऑरेगनच्या मॅकेन्झी नदीवर घडलेली होडी. 1920 ते 1940 च्या दशकांत तिथल्या मासेमारीच्या गाइडांनी आणि होडी बांधणाऱ्या सुतारांनी मिळून तिला आजचा आकार दिला. त्यात वुडी हिंडमनचं नाव फार आदराने घेतात. तळ सपाट, पण दोन्ही टोकांना वर वळलेला. बाजू उंच आणि बाहेर झुकलेल्या. पाण्यात बसते जेमतेम चार-सहा इंच. वल्हवणाऱ्याचं तोंड नदी जिकडे वाहते तिकडे असतं, त्यामुळे नेहमीसारखं वल्हं ओढलं की ओढ प्रवाहाच्या विरुद्ध बसते. होडीला पुढे नदीच नेते. आपण फक्त वेग कमी करायचा आणि डावीउजवीकडे सरकायचं. ही रीत नॅथॅनिएल गॅलोवेने 19 व्या शतकाच्या अखेरीस कोलोरॅडो आणि तिच्या उपनद्यांवर वापरली, आणि आजही आम्ही तसेच बसतो, तसेच ओढतो.

या होडीचा नांगर मागच्या फळीला टांगलेला असतो, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला. दोर तिथून कप्प्यांवरून थेट वल्हवणाऱ्याच्या बाकापर्यंत येतो, त्यामुळे जागेवरून न उठता नांगर टाकता आणि उचलता येतो. खाडीतल्या होडीत नांगर नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, जातो. नाळ उंच असते, लाट आली की वर उठते. आमची मागची फळी मात्र पुढच्या टोकापेक्षा बरीच बुटकी. जोराच्या पाण्यात नांगर दगडांत घट्ट अडकला तर दोर फळीला खाली खेचतो, प्रवाह होडीला पुढे लोटतो आणि मागची कड पाण्याखाली जाते. किंवा होडी आडवी फिरते आणि पाणी बाजूवरून आत येतं. या होड्यांचे जीवघेणे अपघात ज्या मोजक्या कारणांनी होतात, त्यांत हे एक आहे.

म्हणून माझी निवड ज्या प्रश्नावरून सुरू झाली तो प्रश्न होता, सुटेल का? धरेल का, हा त्याच्या नंतरचा. आकार, वजन, दोर, क्लीट (दोर पकडून ठेवणारा चाप), दोराचं टोक, सगळं मी याच क्रमाने पाहिलं. दुकानात मात्र प्रत्येक जण धरण्याबद्दलच बोलतो.

आकारापासून सांगते. समुद्रावरचे नांगर दातांचे असतात. बाबांच्या होडीवर चार आकड्यांचा, म्हणजे वळलेल्या हुकांचा, लोखंडी नांगर होता. तो तळात रुततो, आणि रुततो म्हणूनच वजनाच्या मानाने कितीतरी जास्त धरतो. आम्ही होडी घालतो त्या क्लॅकमस नदीचा तळ म्हणजे मुठीएवढ्यापासून कलिंगडाएवढ्यापर्यंतचे गोटे, मधूनमधून खडकाच्या सलग लाद्या आणि त्यांच्यातल्या भेगा, वर पुरात वाहून आलेली झाडांची खोडं. आकड्यांचा नांगर यात पडला की वर येईल याची खात्री नाही. मी बाबांना तळाचे फोटो पाठवले. त्यांचा फोन आला तो थेट या वाक्यानेच: "बाय, नांगर अडाकलो तर सोडवतलंस कसो?"

मग त्यांनी खडकाळ जागेतली त्यांची युक्ती समजावली. दोर नांगराच्या वरच्या कडीला बांधायचाच नाही. तो खाली, आकडे जिथे एकत्र येतात तिथे बांधायचा, दांड्यावरून वर घ्यायचा आणि वरच्या कडीला नुसत्या बारीक सुतळीने आवळायचा. रोजच्या ओढीला सुतळी टिकते. नांगर अडकला की जोराने हिसका द्यायचा. सुतळी तुटते, ओढ नांगराच्या बुडाला बसते आणि तो उलटा होऊन निघतो. युक्ती सुंदर आहे. पण तिला हिसका देण्याइतका वेळ आणि स्थिर होडी लागते, आणि वाहत्या नदीत नांगर अडकतो तेव्हा नेमकं तेच नसतं. बाबांनाही ते पटलं. आकड्यांच्या नांगराचा विचार आम्ही दोघांनी मिळून सोडला.

नदीच्या होड्यांवर दिसणारे नांगर म्हणूनच बिनदातांचे असतात. सगळ्यांत जास्त दिसतो तो पिरॅमिड: वर निमुळता, खाली रुंद, शिशाचा किंवा बिडाचा. गोट्यांमध्ये तो थोडा बसतो आणि सरळ वर ओढला की निघतो. काहींना खालच्या अंगाला पंखांसारखे कंगोरे असतात. ते जास्त धरतात, पण भेगेत अडकायचीही शक्यता वाढवतात. तिसरा प्रकार साखळ्यांच्या गुच्छाचा. जाड साखळीचे तुकडे एका कडीला लटकवलेले, तळाचा आकार जसा असेल तसे पसरतात. सलग खडकावर तो पिरॅमिडपेक्षा बरा वाटला, पण ॲल्युमिनियमच्या फळीवर त्याचा आवाज इतका होतो की शांत डोहात शिरताना नकोसा होतो. मी पिरॅमिड घेतला, वरून जाड प्लास्टिकचा थर दिलेला. त्या थराने आवाज कमी होतो आणि शिसं हाताला लागत नाही. शिसं विषारी आहे. होडीत आम्ही जेवतो, मुलं हात घालतात. उघडं शिसं मला नकोच होतं.

शिसं का, बीड का नाही, काँक्रीट का नाही, यावर मी वहीत हिशेब मांडला होता. पाण्यात बुडालेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढी हलकी होते. शिसं पाण्याच्या 11 पटींहून जड, म्हणून ते पाण्यात साधारण 9 टक्केच हलकं होतं. बीड सुमारे 14 टक्के. आपला सह्याद्रीचा काळा दगड जवळजवळ एक तृतीयांश, आणि काँक्रीट 40 टक्क्यांहून जास्त. बादलीत काँक्रीट ओतून नांगर करणारे लोक रॅम्पवर, म्हणजे होडी पाण्यात उतरवायच्या उतारावर, दिसतात. त्यांचं 30 पौंडांचं वजन तळाशी पोचेपर्यंत 18 पौंडांच्याही खाली जातं. शिशाचं 27 च्या वर राहतं. उचलताना मात्र, पाण्याबाहेर आल्यावर, दोन्ही पुन्हा 30 पौंडच. आपण ओढतो तेवढ्याचा पुरेपूर उपयोग तळाशी व्हावा यासाठी शिसं. कोकणच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळाशी संशोधकांना जुने दगडी नांगर मिळालेत. ते वाचलं होतं तेव्हा त्यांचा बोजडपणा कळला नव्हता, हा हिशेब मांडल्यावर कळला.

वजनाचा प्रश्न यापेक्षा अवघड होता. 16 फुटी होडीला लोक 25 पासून 40 पौंडांपर्यंत काहीही लावतात, म्हणजे 11 ते 18 किलो. रॅम्पवर विचारलं तर बहुतेक जण जड सुचवतात. ओळखीच्या एका गाइडने मला आपल्याकडचे वेगवेगळ्या वजनांचे नांगर आळीपाळीने वापरायला दिले. आयुष्यभर नद्यांवर काम केलेला माणूस. त्याने वजनाचा सल्ला दिलाच नाही. त्याने एक नियम सांगितला: ज्या पाण्यात दोन वल्ह्यांनी होडी जागच्या जागी धरून ठेवता येत नाही, त्या पाण्यात नांगर टाकायचा नाही. आधी वल्ह्यांनी धर. धरली गेली तरच दोराला हात लाव.

हा नियम धरून विचार केला की जड नांगराची गरज आपोआप कमी होते. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर होडीवरची ओढ चौपट. 30 ऐवजी 40 पौंड घेतले तर पकड फक्त तिसऱ्या हिश्शाने वाढते. म्हणजे वजन वाढवून जोराचं पाणी जिंकता येत नाही. उलट जड नांगर सोबत आहे म्हणून माणूस जिथे थांबू नये तिथे थांबून बघतो.

दुसरी गोष्ट दोराच्या कोनाची. दोर जितका उभा, तितका तो नांगराला वर उचलतो, आणि तेवढी तळावरची पकड कमी होते. कप्पीपासून तळापर्यंत दोन मीटर धरा. अडीच मीटर दोर सोडला तर तो पाण्याशी सुमारे 53 अंशांचा कोन करतो. सहा मीटर सोडला तर 20 च्या आत. घर्षणांक 0.5 मानून गणित केलं, तर पहिल्या स्थितीत नांगर आपल्या पाण्यातल्या वजनाच्या 30 टक्के आडवी ओढ सोसतो आणि दुसऱ्या स्थितीत 42 टक्के. थोडक्यात, आखूड दोरावरचे 35 पौंड आणि लांब दोरावरचे 25 पौंड सारखंच धरतात. गोटे हलतात, बसतात, त्यामुळे प्रत्यक्ष नदी या आकड्यांना चिकटून राहत नाही; पण कल तोच असतो. हे गणित नवऱ्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, मग दोरच लांब घेऊ या." तेही खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. त्याकडे येते.

नांगर आम्ही क्लॅकमसवरच बार्टन या ठिकाणाच्या खाली, एका रुंद रेवाळ वळणावर तपासले. पाणी कमरेएवढं, वेग चालणाऱ्या माणसाएवढा. काठावरचं एक झाड आणि त्याच्या मागच्या डोंगरावरची एखादी खूण एका रेषेत धरायची. रेषा मोडली की नांगर घसरतोय. त्याहून आधी हाताला कळतं. दोरावर दोन बोटं ठेवली की नांगर गोट्यांवरून सरकताना बारीक थरथर येते, आणि तो बसला की दोर नुसता ताणलेला, मुका होतो. 25 पौंडी नांगर आखूड दोरावर सतत थरथरत राहिला, लांब सोडल्यावर बसला. 30 पौंडी जवळजवळ लगेच बसला. 40 पौंडी तर पडला तिथेच राहिला, पण तो उचलताना माझे खांदे बोलायला लागले.

उचलण्याबद्दल एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. तीन-चार कप्प्या दिसतात म्हणून वजन विभागलं जात असेल असं वाटतं. या होडीतल्या कप्प्या फक्त दोराची दिशा बदलतात. ओढ पूर्ण वजनाचीच, वर प्रत्येक कप्पीच्या घर्षणाची भर. हे दिवसभर, बसून, हिवाळ्यात ओल्या हातमोज्यांनी, पुन्हा पुन्हा करायचं असतं. आणि संकटात उचलायची वेळ आली तर थकलेल्या हातांनी. मी 30 पौंडांवर थांबले. माझ्याहून ताकदवान माणसाने 35 घेतला तर माझी हरकत नाही. मात्र नवऱ्याला पेलतं म्हणून 40 घ्यायचा आणि होडी मी वल्हवायची, हे मी मान्य केलं नाही. नांगराचं वजन बाकावर बसणाऱ्याच्या हातांनी ठरवायचं.

दोर घ्यायला गेले तेव्हा वाटलं होतं की हे पाच मिनिटांचं काम आहे. तसं ते नव्हतं.

मजबुतीची काळजी करायची गरज नसते. तीन अष्टमांश इंचाचा, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचा साधा नायलॉनचा दोरही इथे लागते त्याच्या कितीतरी पट ओढ सोसतो. जाडी ठरते ती हातावरून आणि क्लीटवरून. बारीक दोर ओला झाला की हातमोज्यातून निसटतो आणि तळव्यात रुततो. अर्धा इंच, म्हणजे पावणेतेरा मिलिमीटर, मुठीत भरतो. तो घेण्याआधी कप्प्यांच्या खोबणी आणि क्लीटचे दाते तेवढ्या जाडीचे आहेत का ते मोजलं. खोबणीपेक्षा जाड दोर कडांवर घासतो, वजनाने खाली जाता जात नाही, आणि सोडताना अडकतो.

तीन पेडांचा पिळाचा दोर स्वस्त आणि दणकट, पण या कामाला नको. ताण आला की पीळ सुटायला बघतो, ताण गेला की वेटोळी पडतात, आणि ती वेटोळी कप्पीत जाऊन बसतात. विणलेला दोर गोल राहतो आणि सरळ धावतो. पॉलिप्रॉपिलीन पाणी पीत नाही आणि हलका असतो, पण उन्हाने लवकर खराब होतो आणि पाण्यावर तरंगतो. तरंगणारा सैल दोर वल्ह्याच्या पात्याभोवती येतो हे मी एका संथ डोहात पाहिलं. संथ होता म्हणून नुसतं पाहता आलं. नायलॉन मऊ, हाताला फार चांगला. तो ओला झाला की त्याची ताकद साधारण 10 ते 15 टक्के कमी होते, याची मला काळजी नव्हती. काळजी ताणाची होती. समुद्रात लाटांचे धक्के पचवायला नायलॉनचं लांबणं उपयोगी पडतं. बाबा त्याचं कौतुक करतात ते योग्यच. नदीत धक्के नसतात, एकसारखी ओढ असते. तिथे नांगर अडकला की लांबलेला दोर रबरासारखी ताकद साठवतो आणि नांगर एकदम सुटला की ती होडीला देऊन टाकतो. मी पॉलिएस्टरचा दुहेरी विणीचा दोर घेतला. कमी लांबतो, ओला झाला तरी ताकद टिकते, उन्हाला टिकतो. रंग नारिंगी, कारण क्लॅकमसच्या हिरव्या पाण्यात पांढरा दोर दोन हातांवर दिसेनासा होतो आणि दोर नेमका कुठे चाललाय हे मला बाकावरून दिसायला हवं.

आता लांबी. 50 फूट घेतला, म्हणजे 15 मीटर. त्यातले दहा-बारा फूट होडीच्या आतच, कप्प्यांपासून बाकापर्यंत जातात. उरलेल्यात दोन मीटर उंचीला सहा मीटर सोडूनही हाताशी बराच राहतो. 75 किंवा 100 फूट का नाही, हा नवऱ्याचा प्रश्न. कारण न सोडलेला दोर माझ्या पायाशी पडलेला असतो. नांगर सुटला की तो दोर सापासारखा धावतो, आणि त्याच्या वेटोळ्यात घोटा असला तर नांगराबरोबर माणूस मागच्या फळीकडे खेचला जातो. पन्नास फुटांतला उरलेला दोर एका जाळीच्या पिशवीत मावतो. ती पिशवी बाकाच्या खोक्याला बांधली आहे, आणि दोर गुंडाळून ठेवायचा नाही, तसाच पिशवीत सोडत जायचा, म्हणजे बाहेर जाताना गुंता होत नाही.

क्लीट बदलली. होडीवर होती ती दोन दातेरी जबड्यांची, हाताने सोडायची. दोर ओढला की जबडे चावतात. सोडायचा तर आधी किंचित मागे ओढून वर उचलावा लागतो. हलक्या पाण्यात हे एका बोटाचं काम. पण नांगर अडकलेला आणि होडी प्रवाहाने ताणलेली असताना तो किंचित मागे ओढणंच अशक्य होतं, कारण समोर आख्खी नदी ओढत असते. तपासायला म्हणून वल्ही सोडून, दोर पूर्ण ताणून पाहिलं; मला तो जबड्यांतून काढायला दोन्ही हात आणि सगळं अंग लागलं. म्हणजे खरोखर अडकला असता तर वल्ही सोडावीच लागली असती. त्याऐवजी पायाने दाबायची क्लीट बसवली. ती ताणाखालीही सुटते आणि हात वल्ह्यांवर राहतात. सगळ्या खरेदीत मला सगळ्यांत मोलाची वाटली ती हीच, आणि पैसे कमी असतील तर नांगर जुना घ्या पण ही नवी घ्या असं मी नक्की सांगेन.

मग दोराच्या मोकळ्या टोकाचा वाद झाला. बरेच जण तिथे गाठ मारतात, म्हणजे दोर निसटून जात नाही.

"अगं, गाठ नसली तर सगळा दोर जाईल ना? नांगरही गेला मग."

"जाऊ दे की."

"एवढं निवडून, तपासून घेतलेला?"

"गाठ कप्पीत अडकली तर आपण जाऊ. गाठ मारायची नाही."

तो गप्प झाला, मग त्यानेच टोक विस्तवावर धरून नीट वितळवून गोल केलं. टोकाला तरंगणारी बोयही बांधलेली नाही, कारण तीही कप्पीतून जाणार नाही. दोर पूर्ण सुटून गेला तर जाऊ द्यायचा, ही आमच्या घरातली ठरलेली गोष्ट आहे. शिवाय माझ्या लाइफ जॅकेटवर बोथट टोकाचा, करवती धारेचा सुरा असतो. कापायचा तो दोर बाकापाशी, हाताशी असेल तिथे. मागच्या फळीकडे जायचं नाही. फळी आधीच खाली ओढली जात असते. आपलं वजन तिकडे नेलं तर ती बुडायला मदतच होते. हे मी पुढच्या बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला होडी पाण्यात घालण्याआधी सांगते, आणि मागे जायचं नाही हे त्यांच्याकडून परत म्हणवून घेते.

नांगराच्या कडीला दोर बाबांनी व्हिडिओवर शिकवलेल्या गाठीने बांधला आहे: कडीतून दोन वेढे, टोक त्या वेढ्यांखालून काढून आवळायचं, वर अर्धी गाठ, आणि उरलेलं टोक मुख्य दोराला दोऱ्याने शिवून टाकायचं. ओढ बसेल तशी ती घट्ट होते, आणि कडीवर दोन वेढे असल्याने घासणं वाटलं जातं. गाठ आणि नांगर यांच्यात स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, आहे, म्हणजे पिरॅमिड पाण्यात फिरला तरी दोराला पीळ बसत नाही. शॅकलच्या, म्हणजे पिनेने बंद होणाऱ्या जोडकडीच्या, पिनेला तारेचा फास घातला आहे. थरथरीने पीन सैल होते.

वापरण्याच्या रीतीबद्दलही लिहिते, कारण चांगला नांगर चुकीच्या जागी वाईटच. टाकायचा तो मऊ पाण्यात: जोराची धार आणि संथ पाणी यांची शिवण असते, तिच्या आतल्या बाजूला. टाकायचा म्हणजे सोडून द्यायचा नाही, हातातून उतरवायचा. उचलताना आधी वल्हवत वर जायचं, होडी नांगराच्या डोक्यावर आली की दोर सैल होतो, तेव्हा सरळ वर ओढायचं. अडकला असेल तर आणखी वर जाऊन उलट्या दिशेने. खळाळ येण्याआधी नांगर दांड्यापर्यंत पूर्ण वर आणि क्लीटशिवाय एका वेगळ्या पट्ट्याने बांधलेला. खळाळात अर्धवट सुटलेला नांगर फार वाईट. रस्त्यावर ट्रेलर ओढताना तो दांड्यावर टांगलेला ठेवायचाच नाही, होडीच्या आत, तळाशी बांधून न्यायचा. आणि डेशूट्ससारख्या नदीवर, जिच्या खालच्या भागात होडीत बसून मासेमारी करायलाच मनाई आहे, तिथे नांगराचं काम फारसं उरत नाही. काठाला लावायचा वेगळा दोर लागतो.

एक गोष्ट इथल्या नदीने शिकवली. शरद ऋतूत चिनूक सॅमन माद्या शेपटीने रेव उकरून खड्डे करतात, त्यात अंडी घालतात आणि वरून रेव ओढतात. आजूबाजूचे गोटे शेवाळाने काळपट असतात आणि मध्येच एक लांबट, स्वच्छ, फिकट चट्टा दिसतो. ती अंड्यांची जागा. नेमकं असंच पाणी, गुडघा ते कमरेएवढं, एकसारख्या वेगाचं, बारीक रेवेचं, नांगर टाकायला फार सोयीचं. तिथे टाकायचा नाही, आणि वरून ओढत तर अजिबात न्यायचा नाही. आत अंडी आणि नंतर पिल्लं हिवाळाभर असतात. स्टीलहेड हा दुसरा मासा वसंतात तेच करतो. त्या दिवसांत मी ध्रुवीकृत काचांचा चष्मा लावून आधी तळ पाहते आणि मगच पायाने क्लीट दाबते. कुणी माझ्यासमोर फिकट चट्ट्यावर नांगर टाकला तर मी ओरडून सांगते, आणि बहुतेक लोक उचलतात.

दोर झिजतो तो नांगराजवळच्या हातभर भागात, गोट्यांवर घासून. वरची वीण लवदार झाली की तेवढा तुकडा कापायचा आणि गाठ पुन्हा बांधायची. असं करत तो आता 45 फुटांच्या आसपास आला आहे. 40 च्या खाली गेला की बदलणार. तो जुना तुकडा रॅम्पवर होडी धरायला चालेल.